एका शब्दाने अडलेले बिल
छातीच्या जन्मजात व्यंगाचे कागदपत्र आणि कोडिंगचा व्यवसाय

नालासोपारा पूर्वेला माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. तयार कपडे शिवून देण्याचा त्यांचा लहानसा कारखाना आहे. सात-आठ मशिनी, दोन कटिंग मास्टर आणि माल पोहोचवायला एक पोरगा, एवढाच पसारा. पण हिशेबाला माणूस पक्का. कापडाच्या ताक्याचे चलन असो की धाग्याच्या रिळांची पावती, दहा वर्षांपूर्वीचा कागद मागितला तरी पत्र्याच्या पेटीतून काढून समोर ठेवतील. अशा माणसाचा वैद्यकीय विम्याचा दावा फेटाळला गेला, आणि तोही कागद कमी पडला म्हणून नव्हे, तर एका कागदावर एक शब्द जास्त पडला म्हणून! ही हकीकत व्यापार-उद्योगाच्या पानावर का, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, हा शब्द ओळखण्याचे आणि नेमका लिहिण्याचे काम हाच आज एक मोठा व्यवसाय झाला आहे, आणि आपल्या वसई-विरारची कितीतरी मुले-मुली रोज सकाळी लोकल पकडून त्या व्यवसायात जात आहेत.

त्यांच्या मुलाच्या छातीत मधोमध जन्मापासून खड्डा होता. लहानपणी तो कोणाच्या फारसा डोळ्यांवर आला नाही. आठवी-नववीत उंची झपाट्याने वाढली तसा खड्डाही खोल गेला. पोरगा सदरा काढायला लाजू लागला, क्रिकेट सुटले, आणि स्टेशनचा पूल चढताना तो मध्येच थांबू लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, ऑपरेशन ठरले आणि ते यशस्वीही झाले. हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून बिल खिशातून भरून नंतर दावा पाठवला. पॉलिसी सात वर्षे न चुकता चालू होती, आणि मुलाच्या छातीचा उल्लेख प्रस्ताव अर्जात त्यांनी स्वतः केला होता. एवढे सारे असूनही उत्तर आले: दावा नामंजूर, कारण शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी आहे.

त्यांची भाची ऐरोलीला एका कंपनीत मेडिकल कोडर आहे. विरार लोकलने दादर, तेथून ठाणे आणि पुढे ट्रान्स-हार्बर, असा तिचा रोजचा प्रवास. रविवारी ती फाईल घेऊन बसली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "मामू, सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये सगळं आहे. हृदय डावीकडे सरकलंय असं लिहिलंय, मापही दिलंय. पण डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नाही. तिथे फक्त लिहिलंय, छातीच्या व्यंगाची कॉस्मेटिक दुरुस्ती. तो शब्द कोणी लिहिला?"

कोणी लिहिला हे शेवटपर्यंत कळले नाही. बहुधा रात्रपाळीच्या एखाद्या शिकाऊ डॉक्टरने घाईत लिहिला असावा. वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

या व्यंगाला वैद्यकीय भाषेत पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि उरोस्थी आत ढकलली जाते. साधारण तीनशे ते चारशे बाळंतपणांमागे एका मुलात हे आढळते, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक. याच्या उलट प्रकारात छाती कबुतरासारखी पुढे येते, तिला पेक्टस कॅरिनेटम म्हणतात. त्यात बहुतेक वेळा बाहेरून पट्टा बांधून काम भागते. आपल्याकडे छातीचा आकार बिघडला की जुनी माणसे मुडदूस म्हणून मोकळी होतात. मुडदुसानेही छाती बिघडते हे खरे आहे, पण तो ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार आहे, जन्मजात व्यंग नव्हे. दोहोंचा उपचार वेगळा, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे दोहोंचा कागदावरचा नंबरही वेगळा.

खड्डा किती खोल हे ठरवण्यासाठी हॅलर निर्देशांक नावाचे माप आहे. ते १९८७ साली मांडले गेले. सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी मोजायची आणि तिला उरोस्थीच्या मागच्या बाजूपासून मणक्यापर्यंतच्या अंतराने भागायचे. रुंदी २४ सेंटिमीटर आणि अंतर ६ सेंटिमीटर असेल तर भागाकार ४ येतो. सामान्य छातीत तो अडीचच्या आसपास असतो आणि ३.२५ च्या वर गेला की व्यंग गंभीर समजले जाते. अर्थात शस्त्रक्रियेचा निर्णय या एका आकड्यावर होत नाही. फुप्फुसांची क्षमता, हृदयाची सोनोग्राफी, दम लागणे, हे सारे पाहिले जाते. ऑपरेशनची जुनी पद्धत डॉ. रॅविच यांनी १९४९ मध्ये मांडली. तीत छाती उघडून कूर्चा कापाव्या लागत. अमेरिकेतील नॉरफोक येथील डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ पासून दुसरी वाट काढली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. बगलेखाली दोन लहान छेद घ्यायचे, धनुष्यासारखी वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीखालून सरकवायची आणि ती उलटवून खड्डा आतून वर उचलायचा. पट्टी दोन ते चार वर्षे आत राहते आणि मग दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेने काढली जाते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च पालक बहुधा विसरतात.

आता कोडिंगकडे वळू.

आजारांना नंबर देण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३ साली फ्रान्सच्या बर्टिलॉन यांनी सादर केली. त्याच यादीचा विस्तार होत होत आजची आयसीडी तयार झाली, आणि तिचा कारभार जागतिक आरोग्य संघटना पाहते. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, परंतु बिलांच्या व्यवहारात अजून दहावीचेच राज्य आहे. या दहाव्या आवृत्तीत खोल छातीचा नंबर क्यू ६७.६ आणि कबुतरी छातीचा क्यू ६७.७. छातीची इतर जन्मजात विकृती असेल तर क्यू ६७.८. उरोस्थीचीच रचना जन्मतः सदोष असेल तर क्यू ७६.७. एका बाजूचा छातीचा स्नायूच नसणे, म्हणजे पोलंड सिंड्रोम, क्यू ७९.८ मध्ये जातो. आणि अपघाताने किंवा अन्य कारणाने नंतर बिघडलेली छाती एम ९५.४. क्यू हे अक्षर जन्मजात व्यंगांच्या प्रकरणाचे आहे. मुडदूस या प्रकरणात येतच नाही. चालू मुडदूस ई ५५.० आणि त्याचे मागे राहिलेले परिणाम ई ६४.३.

वाचकांनी लक्षात घ्यावे की डॉक्टरने नुसते "छाती वाकडी" असे लिहिले तर कोडर यांपैकी कोणता नंबर देणार? अंदाजाने देता येत नाही. या व्यवसायाचा पहिलाच नियम असा की, जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही. सीटी स्कॅन पाहून कोडरला स्वतःला निदान कळले तरी ते डॉक्टरच्या लेखणीतून यावे लागते. अमेरिकी नियमाप्रमाणे बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर डॉक्टरने "बहुधा" किंवा "संशय" असे शब्द घातले, तर त्या आजाराचा कोड लावता येत नाही, तक्रारीचा लावावा लागतो.

शस्त्रक्रियेचे नंबर वेगळे असतात. अमेरिकेत ते सीपीटी या यादीतून येतात, जी तेथील डॉक्टरांची संघटना दर जानेवारीत नव्याने काढते. छाती उघडून केलेल्या दुरुस्तीला २१७४०. नस पद्धतीने, पण छातीत दुर्बीण न घालता केली तर २१७४२. दुर्बीण घालून केली तर २१७४३. म्हणजे सर्जनने ऑपरेशनच्या नोंदीत "थोरॅकोस्कोप वापरला" हे एक वाक्य लिहिले नाही तर हॉस्पिटलचा नंबर बदलला आणि नंबराबरोबर पैसाही. उलट बाजूने, दुर्बीण वापरलीच नसताना तसा नंबर लावला तर ती सरळ लबाडी. अमेरिकेत सरकारला खोटे बिल देणाऱ्याविरुद्धचा कायदा १८६३ सालचा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. आज तोच कायदा हॉस्पिटलांच्या बिलांना लावला जातो. तराजूत दांडी मारणे आणि कोड फुगवणे यांत मला तरी फरक दिसत नाही.

व्यवसाय म्हणून याचा विचार करणाऱ्या तरुणांसाठी चार गोष्टी. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी नवव्या आवृत्तीवरून दहाव्यावर उडी मारली. सुमारे चौदा हजार निदान-कोडांच्या जागी सत्तर हजारांच्या आसपास आले, आणि कोडर कमी पडू लागले. काम चेन्नई, हैदराबाद, बंगळूरला जसे गेले तसे नवी मुंबईतही आले. बी.एस्सी., बी.फार्म., नर्सिंग, होमिओपॅथी किंवा युनानीची पदवी असलेल्यांना येथे लवकर शिरकाव होतो, कारण शरीररचना आणि इंग्रजी वैद्यकीय शब्द यांवरच सारा डोलारा आहे. सर्वांत ओळखीची परीक्षा सीपीसी. एएपीसी ही १९८८ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी संस्था ती घेते. शंभर प्रश्न, चार तास आणि पास होण्यासाठी सत्तर टक्के. अनुभव नसलेल्याच्या प्रमाणपत्रावर "अप्रेंटिस" अशी खूण राहते, ती पुढे अनुभवाने काढता येते. फोनवर बोलण्याच्या कामासारखी रात्रपाळी या कामाला सहसा लागत नाही, त्यामुळे मुलींच्या घरून फारसा विरोध होत नाही, असे ही भाची सांगते. मात्र दिवसाला किती कागद तपासले आणि त्यांत किती अचूक, हे रोज मोजले जाते. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा अमेरिकी कायदा १९९६ चा, आणि त्याच्या धाकाने कित्येक ठिकाणी मोबाईल बाहेर ठेवूनच आत जावे लागते.

गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. "शंभर टक्के नोकरी" अशी पाटी दिसली की फी भरण्याआधी मागच्या दोन तुकड्यांतील मुले कोठे लागली ते नावागावासह विचारावे. पुस्तके चालू वर्षाची आहेत का तेही पाहावे, कारण अमेरिकी निदान-कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात आणि जुन्या पुस्तकावर शिकलेला मुलगा मुलाखतीतच उघडा पडतो. दुसरी गोष्ट संगणकाची. नव्वदीच्या दशकात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे असेच पेव फुटले होते. डॉक्टरांचा आवाज ऐकून टाइप करायचे काम होते ते. पुढे आवाज ओळखणारे संगणक आले आणि ते काम आटले. कोडिंगमध्येही सोपे कागद आता यंत्र वाचू लागले आहे. माणसाकडे उरते ती अडलेली फाईल, विसंगत नोंद आणि फेटाळलेला दावा. म्हणून नुसता कोड शोधायला शिकलेल्यापेक्षा कागद वाचायला शिकलेल्याला पुढे भाव राहील, असे माझे मत आहे.

आपल्या देशात रुग्णाच्या बाबतीत मात्र कोडपेक्षा पॉलिसीतील शब्द भारी पडतात. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत, अंतर्गत आणि बाह्य. शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोहोचणाऱ्या भागात असेल ते बाह्य. छातीचा खड्डा दिसतो, म्हणून कंपनी त्याला बाह्य म्हणते. तो हृदयाला दाबतो ती गोष्ट आतली, पण व्याख्येत दाब मोजत नाहीत, दिसणे मोजतात. कित्येक पॉलिसींत बाह्य जन्मजात व्यंग स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. असे कलम असेल तर डॉक्टरचा कितीही चांगला दाखला जोडला तरी लढाई अवघड होते. घेतानाच ते पान वाचावे. एजंट वाचून दाखवणार नाही.

आमच्या गृहस्थांच्या पॉलिसीत हे कलम नव्हते. त्यांना नडले ते सर्व कंपन्यांना सारखे लागू असलेले आठव्या क्रमांकाचे कलम. नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींना एकच शब्दरचना ठरवून दिली, त्यातले हे. रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, अथवा आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचाराचा ती भाग असेल, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे प्रमाणित केले असेल, तर मात्र मिळेल. म्हणजे दार बंद नाही. त्याची किल्ली डॉक्टरच्या दाखल्यात आहे.

भाचीने मामाला तीन कामे लावली. पहिले, हॉस्पिटलकडे संपूर्ण रेकॉर्ड लेखी मागणे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्र द्यावे लागतात आणि डॉक्टरने ते तीन वर्षे जपून ठेवायचे असतात. दुसरे, सर्जनकडून दाखला घेणे. सर्जनने आपल्या बाह्यरुग्ण कागदावर दम लागण्याची तक्रार, फुप्फुसांच्या चाचणीचा निकाल आणि ऑपरेशनचे कारण आधीच लिहिलेले होते. ते केवळ डिस्चार्ज कार्डापर्यंत पोहोचले नव्हते. त्यांनी पुरवणी नोंद लिहिली आणि तिच्यावर त्या दिवसाचीच तारीख घातली. मागील तारीख घालण्याचा सल्ला एका शहाण्या शेजाऱ्याने दिला होता, तो गृहस्थांनी मानला नाही हे बरे केले. तसे केले असते तर खरी केसही खोटी ठरली असती. तिसरे, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज.

दावा मंजूर झाला. हातमोजे, नोंदणी फी अशा बारीकसारीक रकमा वजा होऊन पैसे खात्यात आले.

ते आले नसते तर पुढचा रस्ताही सांगून ठेवतो. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमके कलम दाखवावे लागते. कंपनीने महिनाभर उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. मर्यादा पन्नास लाखांची, मुदत एक वर्षाची. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. अर्थात वगळलेले कलम वगळलेलेच राहते, पाच वर्षांनी ते पुसले जात नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. हप्ता महाग म्हणून पॉलिसी टाळणाऱ्या लहान कारखानदारांनी पुन्हा एकदा हिशेब मांडून पाहावा.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची पॅकेजची यादी वेगळी आणि तिचे कोडही वेगळे. योजनेतील हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठून पॅकेजबद्दल विचारावे. ऑपरेशन झाल्यावर नव्हे, कारण योजनेत पूर्वपरवानगी लागते.

आणखी एक योगायोग. मुलांची जन्मजात व्यंगे वेळीच शोधण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सुरू झाला तो आपल्याच पालघर येथून. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, ठाणे जिल्ह्यातील तो एक तालुका होता. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. यादीत तीस प्रकारचे दोष आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, जन्मजात हृदयरोग आहे. खोल छातीचे नाव तीत नाही. तरीही पथकातल्या डॉक्टरला सदरा काढून छाती दाखवावी आणि कार्डावर नोंद करून घ्यावी. ते पथक जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकते. शिवाय आठ वर्षांच्या वयातला तारखेचा कागद हातात असला की पुढे सोळाव्या वर्षी व्यंग वाढत गेले हे दाखवता येते.

वसईत लहान-मोठी नर्सिंग होम पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांत डिस्चार्ज कार्ड लिहिणारा, विम्याची फाईल बांधणारा आणि रिसेप्शनवर बसणारा माणूस एकच असतो. ऐरोलीला जाऊन परदेशी कागद तपासणाऱ्या आपल्या मुलांपैकी दोघा-चौघांनी मिळून येथल्याच दहा नर्सिंग होमांच्या फाईली पाहण्याचे काम घेतले तर? दर फाईलला थोडे शुल्क आणि पेशंटला हॉस्पिटलातून निघण्यापूर्वीच पक्का कागद. मी ही कल्पना भाचीपुढे मांडली. ती हसली आणि म्हणाली, "डॉक्टर लोक आपली चूक दुसऱ्याला दाखवू देतील का, ते आधी विचारा." प्रश्न बरोबर आहे. तरी एका डॉक्टरांशी तिचे बोलणे चालू आहे.

मुलगा आता बारावीत आहे आणि पूल न थांबता चढतो. पट्टी काढण्याचे ऑपरेशन पुढच्या वर्षी व्हायचे आहे. त्याचा दावा वेगळा, निदानाचा नंबरही वेगळा, कारण तेव्हा उपचार खड्ड्यावर नसून बसवलेली पट्टी काढण्यापुरता असेल. गृहस्थांनी त्यासाठी नवी फाईल उघडली आहे. पहिल्या पानावर भाचीच्या अक्षरात हॉस्पिटलकडून घ्यायच्या कागदांची यादी आहे आणि तिच्याखाली लाल पेनने: डिस्चार्ज कार्ड घरी नेण्यापूर्वी तेथेच उभे राहून वाचणे. ही फाईलही कापडाच्या चलनांबरोबर त्याच पत्र्याच्या पेटीत आहे.